मेंदी?

केसपेपर जुना होता, कडा पिवळ्या पडलेल्या. अक्षर माझंच. ‘वय ४ वर्षे. बेंबीचा हर्निया. हृदय व फुप्फुस ठीक. ऑक्सिजन ९३, मेंदी?’ खाली माझी सही, आणि तारीख मे २०१३ ची.

तो कागद पुन्हा हातात आला तेव्हा २०१८ चा ऑगस्ट होता, आणि तीच मुलगी समोरच्या स्टुलावर बसली होती. आता नऊ वर्षांची. ओठ जांभळट, नखं जांभळट, बोटांची टोकं ताशाच्या काडीसारखी गोल फुगलेली. बोटं अशी व्हायला वर्षं लागतात. तिची आजी तिला ठकू म्हणायची, म्हणून मीही इथे ठकूच म्हणते. माणसं फलटणकडची. वडील थोडी शेती करून टेम्पो चालवायचे.

मे महिन्यातली ती सकाळ मला आठवते, आणि आठवते याचीच मला जास्त लाज वाटते. आदल्या आठवड्यात मामाचं लग्न झालं होतं. ठकूच्या दोन्ही तळव्यांवर, बोटांवर, अगदी नखांवरही काळसर मेंदी होती. आमच्या भूलतज्ज्ञांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि म्हणाले, “त्र्याण्णवच येतंय.” मी हात धूत होते. तिथूनच म्हणाले, “मेंदी आहे हो. दुसऱ्या बोटाला लावा.” दुसऱ्या बोटालाही त्र्याण्णव. मग मास्क लावला, ऑक्सिजन सुरू झाला, आकडा सरसर वर जाऊन ९९ वर थांबला. आम्ही दोघांनीही हुश्श केलं.

आता त्यातली गंमत बघा. चूक मेंदीची असती, तर ऑक्सिजन दिल्यावर आकडा वर गेलाच नसता. मेंदी काही ऑक्सिजनने उतरत नाही. आकडा वर गेला याचा अर्थच असा, की यंत्र खरं बोलत होतं आणि रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी होता. हे शरीरशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. मी पंधरा मिनिटांत हर्निया शिवला आणि तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. कानाच्या पाळीला चिमटा लावून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. पाळीला मेंदी नव्हती.

मधली पाच वर्षं ठकू दम्याची रोगी म्हणून जगली. पंप, वाफ, गंडेदोरे, सगळं झालं. मग कुणीतरी हृदयाचा संशय घेतला, इको झाला, हृदय नीट निघालं. आईची एक तक्रार मात्र कुणीच मनावर घेतली नव्हती. मीसुद्धा. हर्नियाचे टाके दाखवायला आली होती तेव्हाच ती म्हणाली होती, “मॅडम, घरी मटण झालं की ही दुसऱ्या दिवशी पेंगते. हाका मारल्या तरी लवकर भानावर येत न्हाई.” मी हसून म्हणाले होते, “मटणाचं जेवण झालं की मीही पेंगते.” आजूबाजूच्या नर्सही हसल्या. ती बाई हसली नव्हती. दोन वर्षांनी तालुक्याच्या एका बालरोगतज्ज्ञांनी अमोनिया तपासला, तो सामान्याच्या तिपटीने आला. त्यांनी मला फोन केला. मी विचारलं, सॅम्पल बर्फात ठेवून पाठवलं होतं का? नव्हतं. बाहेर राहिलेल्या रक्तात अमोनिया आपोआप वाढतो, हे खरंच आहे. “मग त्या आकड्याला काही अर्थ नाही,” मी म्हणाले. पुन्हा बर्फात घालून पाठवा, असं मात्र म्हणाले नाही.

एकेकाळी सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय एक (Eck) नावाच्या तरुण सर्जनने कुत्र्यांवर एक प्रयोग केला. साल १८७७. आतड्यातून यकृताकडे रक्त नेणारी जी मोठी शीर, पोर्टल व्हेन, ती त्याने यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेला जोडली. आठ कुत्र्यांपैकी एकच अडीच महिने जगलं आणि तेही प्रयोगशाळेतून पळून गेलं. पुढे पाव्हलोवच्या प्रयोगशाळेत हीच शस्त्रक्रिया शिस्तीत झाली. १८९३ साली त्यांनी लिहिलं की अशा कुत्र्यांना मांस खाऊ घातलं की ती झिंगल्यासारखी चालतात, डोळ्यांनी दिसेनासं होतं, बेशुद्ध पडतात. मांसातल्या प्रथिनांचा अमोनिया यकृताने निस्तरायचा असतो, आणि इथे रक्त यकृतात जातच नव्हतं. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना कितीतरी वेळा रंगवून सांगितली आहे. फलटणची एक आई तीच गोष्ट मला सांगत होती, फक्त तिच्या गोष्टीत पाव्हलोव नव्हता.

२०१८ मध्ये निदान झालं ते एका बुडबुड्याने. हृदयाच्या इकोची ही जुनी आणि स्वस्त तपासणी आहे. सलाइन सिरिंजमध्ये घेऊन दोन सिरिंजांमध्ये खळखळून हलवायचं, म्हणजे त्यात बारीक बुडबुडे होतात, आणि ते हाताच्या शिरेत सोडायचं. पडद्यावर हृदयाची उजवी बाजू साबणाच्या फेसासारखी पांढरी होते. डावी काळीच राहायला हवी, कारण फुप्फुसातल्या केशवाहिन्या इतक्या बारीक की बुडबुडे तिथे गाळले जातात. हृदयाला छिद्र असेल तर डावीकडे बुडबुडे पहिल्या एक-दोन ठोक्यांतच दिसतात. ठकूच्या बाबतीत आम्ही मोजत होतो: एक, दोन, तीन. चौथ्या ठोक्याला डावी बाजू पांढरी झाली. म्हणजे छिद्र हृदयात नव्हतं. फुप्फुसातल्या वाहिन्याच सैल आणि रुंद झाल्या होत्या. झोपली की ऑक्सिजन ८८, बसली की ८३. दम्याचं पोर उठून बसलं की त्याला बरं वाटतं. ही आडवी झाली की बरी असायची.

फुप्फुसं अशी होतात ती बहुतेक वेळा यकृतामुळे. जे रक्त आधी यकृतातून गाळून जायचं ते तसंच पुढे गेलं, तर त्यातली द्रव्यं फुप्फुसातल्या वाहिन्या ढिल्या करतात. ठकूचं यकृत तपासलं तर कावीळ नाही, सिरोसिस नाही. मग डॉप्लर झाला, मग सीटी. रेडिओलॉजीचा रिपोर्ट दोन ओळींचा होता: यकृतात पोर्टल शीर दिसत नाही, आतड्याकडून येणारं सगळं रक्त थेट महाशिरेत जातं, अ‍ॅबरनथी विकृती, प्रकार पहिला.

जॉन अ‍ॅबरनथी हा लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातला सर्जन. १७९३ साली त्याने दहा महिन्यांच्या एका मृत मुलीच्या शवविच्छेदनात ही शीर अशीच भलत्या जागी उघडलेली पाहिली आणि रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहून ठेवली. पुढे तो अतिशय फटकळ डॉक्टर म्हणून प्रसिद्ध झाला; रोग्याचं बोलणं मध्येच तोडायचा म्हणतात. विकृतीला त्याचं नाव आहे, सवयीला माझंही चालेल.

गर्भाच्या चौथ्या ते दहाव्या आठवड्यात शिरांच्या दोन-तीन जोड्यांचं जाळं विणलं जातं, त्यातले काही धागे राहतात, काही गळतात. गळायचा तो राहिला आणि राहायचा तो रोडावला की असा आडमार्ग तयार होतो. अंदाजे तीस हजार जन्मांमागे एखादा. १९९४ साली मॉर्गन आणि सुपेरिना यांनी त्याचे दोन प्रकार पाडले. दुसऱ्या प्रकारात यकृताकडे जाणारी शीर असते, पण बाजूला गळती असते. ती बंद करायची. पहिल्या प्रकारात यकृताकडे जाणारी शीर नसतेच. मग आडमार्ग बंद करून कसं चालेल? आतड्याचं रक्त जाणार कुठे? म्हणून पहिला प्रकार म्हणजे यकृत प्रत्यारोपण, असा धडा मी वर्षानुवर्षं पाठ केला होता आणि पाठ करून घेतला होता.

ठकूच्या आईवडिलांना समोर बसवून मी तो धडा म्हटला. कागदावर चित्र काढलं, दोन रेषा, आणि यकृताच्या आत एक मोठं शून्य. “ही शीरच नाही. जन्मतःच नाही. त्यामुळे यकृत बदलणं हा एकच उपाय आहे.” एकच. हा शब्द मी दोनदा वापरला, मला आठवतंय. खर्च वीस-पंचवीस लाख. योजना, ट्रस्ट, मुख्यमंत्री निधी मिळून काही भाग सुटेल, बाकीचं तुम्हाला बघावं लागेल. आई म्हणाली, “माझं घ्या, पायजे तेवढं घ्या.” यकृत म्हणायची होती ती. तिचा रक्तगट जुळला. तिच्या तपासण्या सुरू झाल्या.

दीड महिन्याने आमच्याकडे परदेशातून शिकून आलेला एक तरुण इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट रुजू झाला. ठकूची सीटी पाहून म्हणाला, “मॅडम, फुगा फुगवून बघितलं का?” मी म्हणाले, शीरच नाही तर बघायचं काय. तो म्हणाला, “सीटीत नाही. पण सीटी काढताना आडमार्ग उघडा असतो ना. रक्ताला सोपी वाट असताना ते बारीक वाटेने का जाईल? औषध त्या शिरांत शिरलंच नसेल. मग त्या दिसणार कशा?”

उत्तर द्यायच्या ऐवजी मी त्याला विचारलं, तू अशा किती केसेस पाहिल्यास? हा प्रश्न आमच्या धंद्यात उत्तर नसलं की विचारतात. तो म्हणाला, “सहा. सहाही जणांना पहिला प्रकार म्हणून पाठवलं होतं. पाच जणांच्या यकृतात शिरा निघाल्या.” मी म्हणाले, बघू. आणि बघू म्हणून तीन आठवडे काढले. प्रत्यारोपणाची तारीख ठरत आली होती, चक्र फिरायला लागलं होतं, आणि ते मध्येच थांबवायचं म्हणजे मीच चुकीचं सांगितलं असं कबूल करायचं.

शेवटी तपासणी झाली. मानेतल्या शिरेतून नळी घातली, महाशिरेतून उलटी आडमार्गात, तिथून पोर्टल शिरेत. आडमार्गाच्या तोंडाशी फुगा फुगवला आणि वाट बंद केली. मग औषध सोडलं. पडद्यावर एक दोन क्षण काहीच नव्हतं. मग जिथे मी शून्य काढलं होतं तिथे, रांगोळीची चिमूट सैल पडली की उमटते तशी एक तुटक पांढरी रेघ दिसली. तिला एक फाटा फुटला. त्या फाट्याला दोन. केसाएवढ्या, वाकड्यातिकड्या, पण यकृताच्या उजव्या टोकापर्यंत पोचलेल्या. तो पोरगा काही बोलला नाही. त्याने फक्त दाब वाचून दाखवला: फुगा नसताना ९, फुगा असताना ३६.

मी बाहेर येऊन ठकूच्या वडिलांना सांगितलं की शीर आहे. फार बारीक आहे, पण आहे. प्रत्यारोपण बहुधा लागणार नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आनंदाने. मग म्हणाले, “मॅडम, परवाच साठेखत झालं.”

विहिरीसकट एक एकर. घेणारा भावकीतलाच. इसार घेतला होता, सही झाली होती. मी म्हणाले, मागे फिरता येईल ना? ते म्हणाले, मागं फिरायचं म्हणजे इसाराच्या दुप्पट द्यायचे, आणि आलेल्या इसारातले निम्मे तर आईच्या तपासण्यांत गेले. पुढे गावच्या माणसांनी मध्यस्थी केली, पण घेणारा हटला नाही. पाण्याची जमीन सुटते कधी? मी पुढच्या कुठल्याच कामाची फी घेतली नाही. त्याने विहीर परत आली नाही. तीन आठवडे आधी फुगा फुगवला असता तर ती गेलीही नसती, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. वर्षभराने सांगितलं.

शस्त्रक्रिया काय करणार ते समजावताना मात्र मी चित्र काढलं नाही. मी अडखळत बोलायला लागले आणि वडिलांनीच मला थांबवलं. “म्हंजी असं बघा. चारी बुजलीय, मोडली न्हाई. वर पाट फुटलाय म्हणून सगळं पाणी वढ्याला जातंय. फुटलेलं बांधायचं म्हंजी पाणी चारीला येईल.” नीरेच्या उजव्या कालव्यावर जन्म गेलेला माणूस. रात्ररात्र दारं धरलेली. मी म्हणाले, अगदी तसंच. “पर एकदम बांधलं तर?” त्यांनीच विचारलं. “बुजलेल्या चारीला एवढं पाणी झेपंल का? बांध फुटंल की.”

आमच्या पुस्तकात याला दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया म्हणतात. आडमार्ग बंद केल्यावर पोर्टल दाब किती चढतो ते मोजायचं. साधारण तिशीच्या आसपास किंवा वर गेला तर एकदम बंद करायचं नाही. पट्टी बांधून अरुंद करायचा, म्हणजे थोडं रक्त यकृताकडे वळतं, बारीक शिरा हळूहळू रुंदावतात, आणि काही महिन्यांनी उरलेलं तोंड बंद करायचं. एकदम बंद केलं तर रक्त आतड्यात तुंबतं, आतडं सुजतं, काळवंडतं, शिरेत गुठळी होते. गुठळी झाली की ज्या केसाएवढ्या शिरांसाठी एवढा खटाटोप, त्याच बुजतात.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी ते केलं.

पोट उघडलं. महाशीर आणि पोर्टल शीर एकमेकींना जिथे मिळाल्या होत्या तो आडमार्ग आखूड आणि माझ्या करंगळीएवढा जाड होता. त्याच्याभोवती पट्टी फिरवली. आतड्याच्या एका लहान शिरेत नळी घालून दाब बघत होतो. पूर्ण आवळल्यावर ३४. मी घड्याळाकडे बघितलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दाब ३१, मग २९. आतडं गुलाबी. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगते. दुसरा टप्पा म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा खर्च, पुन्हा फलटणहून येणं. जमीन तर आपल्यामुळेच गेली. एका दमात संपवलं तर या माणसांवर थोडे तरी उपकार होतील. दया होती ती, पण तिच्यात माझं देणं फेडायची घाई मिसळली होती. मी गाठ मारली.

विसेक मिनिटांनी मी पोट शिवायच्या तयारीत असताना आमचे भूलतज्ज्ञ म्हणाले, “रक्तदाब उतरतोय. आणि मॅडम, आतडं बघा.” हे तेच भूलतज्ज्ञ, ज्यांनी पाच वर्षांपूर्वी त्र्याण्णव म्हटलं होतं. आतडं बघितलं. कडेची चमक गेली होती. पिकून फुटायला आलेल्या जांभळासारखा रंग, आणि पृष्ठभागावर पाण्याचे थेंब जमलेले, जणू आतून घाम आला होता. हाताला जड लागत होतं. या वेळी मी मेंदी शोधली नाही. गाठ कापली. पट्टी सैल केली, दाब विशीच्या जरा वर राहील एवढीच आवळली, आणि आतडं ओल्या कोमट फडक्यात गुंडाळून आम्ही उभे राहिलो. रंग परतायला पंचवीस मिनिटं लागली. त्या पंचवीस मिनिटांत थिएटरमध्ये कुणी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी डॉप्लरमध्ये प्लीहेच्या शिरेत गुठळी दिसली. हेपॅरिन वाढवलं, दिवसातून दोनदा सोनोग्राफी, दर सहा तासांनी रक्त. ठकूचे हात टोचून टोचून निळे झाले. गुठळी पुढे सरकली नाही आणि हळूहळू विरघळली, पण अकरा दिवस जास्त राहावं लागलं. वडिलांना मी बाहेरच्या बाकावर बसून सांगितलं की आधी पूर्ण बांधलं होतं, ते सोडावं लागलं, त्याने ही गुठळी झाली. ते बराच वेळ जमिनीकडे बघत बसले. मग एवढंच म्हणाले, “बारं एकदम दिलं व्हय?”

पाच महिन्यांनी सीटीत यकृतातल्या शिरा सहज दिसत होत्या. रिपोर्टमध्ये ‘दिसत नाही’ हे शब्द नव्हते. पट्टीने अरुंद झालेल्या तोंडात त्याच तरुण डॉक्टरने नळीतून धातूच्या जाळीचं बूच बसवलं. पोट उघडायची गरज पडली नाही. दाब १९. मी काचेपलीकडे उभी होते, हात मागे बांधून. ऑक्सिजन पहिले तीन महिने फारसा हलला नाही, फुप्फुसांना सवय मोडायला वेळ लागतो. दहाव्या महिन्यात बसलेली असताना ९६. आजीने विचारलं, आता मटण देऊ का? मी म्हणाले, द्या, आणि दुसऱ्या दिवशी कशी वागते ते मला फोन करून सांगा. आजीने खरंच फोन केला. “पेंगत न्हाई. वसावसा भांडतीय.”

इथे ही गोष्ट थांबली असती तर मी ती लिहिली नसती.

ठकूला बूच बसल्यावर त्या आठवड्यात मला एक जुना मुलगा आठवला. २००९ साल, तेव्हा तो सात वर्षांचा. तोच रिपोर्ट, पोर्टल शीर दिसत नाही, शिवाय यकृतात गाठी. मी त्याला प्रत्यारोपणासाठी पाठवलं होतं, शस्त्रक्रियेत मदतनीस म्हणून उभीही होते. वडिलांनी यकृताचा तुकडा दिला. सगळं सुरळीत झालं. काढलेल्या यकृताचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मी त्या वेळी वाचला होता. गाठींची धास्ती होती म्हणून ‘कर्करोग नाही’ ही ओळ शोधली, ती सापडली, कागद फाइलला लावला. दहा वर्षांनी मी तो पुन्हा काढून वाचला. त्या ओळीच्या खाली आणखी तीन ओळी होत्या. काही पोर्टल जागांमध्ये पोर्टल शिरेच्या लहान, अविकसित फांद्या आढळल्या, असं त्यांत स्पष्ट लिहिलं होतं. शीर होती. मी नाही म्हणून सांगितलेली शीर कागदावर दहा वर्षं आहे म्हणून सांगत होती.

आता मला म्हणतात, त्या काळी इकडे कुणी फुगा फुगवून बघत नव्हतं. गाठी बऱ्याच होत्या, आडमार्ग बंद करून भागलं नसतं कदाचित. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. तीन वर्षं सांगत होते, आणि तोवर त्या मुलाला काहीच सांगितलं नाही. तो दरवर्षी तपासणीला यायचा, मी गोळ्यांचं विचारायची, सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी घेतोस ना, बाहेरचं खात नाहीस ना. या गोळ्या त्याला जन्मभर आहेत.

२०२२ मध्ये तो एकटाच आला. वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला, दाढी राखलेली. मी केबिनचं दार लावलं आणि सांगितलं. जसं इथे लिहिलंय तसं, फक्त जास्त अडखळत. तो ऐकत होता. रागावेल असं वाटलं होतं, किंवा रडेल. त्याने विचारलं, “बाबांना माहितेय?” मी म्हणाले, नाही. “मी सांगेन,” तो म्हणाला. थोडा थांबला. “ते जुनं लिव्हर कुठे टाकता तुम्ही?”

टाकत नाही, मी सांगितलं. तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत असतात. ठोकळे ठेवलेले असतात.

“बघता येईल?”

पॅथॉलॉजीच्या मॅडमनी काचपट्टी शोधून ठेवली होती. त्यांनी सूक्ष्मदर्शकाचं एक भिंग माझ्यासमोर केलं, एक त्याच्यासमोर, आणि पडद्यातला छोटा बाण हलवत गुलाबी-जांभळ्या पसाऱ्यातून वाट काढली. ही धमनी, जाड भिंतीची. ही पित्तनलिका, मण्यांच्या कड्यासारखी. या दोघींच्या शेजारी तिसरी असायला हवी.

बाण थांबला. एक चपटी, पातळ भिंतीची फट होती. आत दोन-चार लाल पेशी अडकलेल्या.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने खिशातून मोबाइल काढला, कॅमेरा भिंगावर टेकवला, हात हलल्यामुळे पहिला फोटो पुसट आला. “एक मिनिट, मॅडम,” तो म्हणाला, कोपर टेबलावर टेकवलं, आणि पुन्हा काढला.